अकरावीतच उघडलेली फाईल

मी अकरावी सायन्सला प्रवेश घेतला त्याच आठवड्यात दादाने माझ्यापुढे एक रिकामी फाईल ठेवली आणि म्हणाला, "बारावीनंतरच्या अॅडमिशनची तयारी आजपासून."

मला हसू आलं. कॉलेज सुरू होऊन चारच दिवस झाले होते. केमिस्ट्रीचं पुस्तकसुद्धा घेतलं नव्हतं.

"दोन वर्षं हायेत की अजून."

"मलाबी असंच वाटलं होतं," तो म्हणाला, आणि माझं हसणं तिथंच थांबलं. त्याच्या अॅडमिशनचा विषय आमच्या घरात कुणी काढत नसे.

आमचं गाव निलंग्यापासून एसटीनं अर्ध्या तासावर. अण्णा, म्हणजे माझे वडील, शेती करतात, आई शेतात जाऊन वर दोन म्हशी सांभाळते. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. बारावीनंतर सीईटीत त्याला चांगले मार्क पडले आणि इंजिनिअरिंगच्या सरकारी कॉलेजात राखीव जागेवर त्याचा नंबर लागला. जातीचा दाखला होता. पण तो दाखला तपासून खरा ठरवल्याचं जे प्रमाणपत्र लागतं, ज्याला सगळे नुसतं 'व्हॅलिडिटी' म्हणतात, ते नव्हतं. गावातल्या जाणत्यांनी सांगितलं होतं, "आधी नंबर तर लागू द्या, मग बघू कागदाचं." घरातून कॉलेजच्या वाटेला लागलेला तो पहिलाच. दुसरं विचारणार कुणाला?

नंबर लागल्यावर धावपळ करून अर्ज केला. त्याची पावती दाखवून प्रवेश मिळाला, पण तात्पुरता. मूळ प्रमाणपत्र मुदतीत द्यायचं होतं. तपासणीत आजोबांच्या काळातला पुरावा मागितला गेला. आजोबा निजामाच्या राज्यात दोन वर्षं शाळेत गेले होते. शाळेत कपाटावर बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यात जुनं रजिस्टर सापडलंही, पण ते अख्खं उर्दूत. शाळेत कुणालाच ते वाचता येईना. शेवटी निलंग्यातले एक रिटायर्ड उर्दू मास्तर यायला तयार झाले. दादा त्यांना रोज गाडीवर आणायचा आणि पोचवायचा. तिसऱ्या दिवशी उजवीकडून डावीकडे सरकणारं त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"ये देखो बेटा, ये रहे तुमारे दादा."

आजोबांचं नाव, वय सहा, बापाचा पेशा काश्तकारी, म्हणजे शेती, पुढं जात. त्या दिवशी सोबत आलेल्या अण्णांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी पायातल्या चपला बाजूला काढल्या आणि त्या ओळीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले, असं दादा सांगतो.

मग त्या नोंदीचा उतारा, त्याचं भाषांतर, त्यावर सही-शिक्का, लातूरच्या खेपा. व्हॅलिडिटी आली ती मुदत संपल्यावर अकरा दिवसांनी. तोवर दादाचं नाव खुल्या प्रवर्गात टाकलं गेलं होतं आणि तिथं त्याचे मार्क थोडक्यात कमी पडत होते. प्रवेश रद्द झाला. तो गादीची वळकटी आणि पेटी घेऊन हॉस्टेलवरून परत आला तेव्हा आईने ताट वाढलं. महिनाभर तो घराबाहेर पडला नाही. पुढं निलंग्यात दाखले काढून देणाऱ्या, ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या एका केंद्रावर कामाला लागला आणि बी.ए. बाहेरून केलं. दुसऱ्यांच्या पोरांचे फॉर्म भरता भरता, कुठला कागद कधी लागतो ते त्याला पाठ झालं.

माझ्या फाईलमध्ये त्याने पहिला कागद लावला तो स्वतःच्या व्हॅलिडिटीचा. सख्ख्या भावाचं प्रमाणपत्र असलं की बहिणीचं काम लवकर होतं.

"ह्याच्यासाठीच आली म्हणायची ती," तो म्हणाला. मी कागद पंच करून दिला.

माझा अर्ज अकरावीतच गेला. मग दादा एकेक कागद तपासत बसला. दहावीच्या मार्कमेमोवर आईचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. माझ्या नावातलं एक इंग्रजी अक्षर एका कागदावर जास्त. मला ह्या गोष्टी किरकोळ वाटायच्या आणि मी चिडायचे. "परीक्षा मी द्यायची का तुझ्या कागदांनी?" एकदा मी म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "परीक्षा तूच दे. कागदाची काळजी मी करायलो ना."

पण नुसते कागद गोळा करून त्याचं समाधान नव्हतं. एका रविवारी त्याने मला वहीचं कोरं पान दिलं. "कुठं जायचं ते लिही."

मी एमबीबीएस लिहिलं. लातूर-नांदेडकडच्या सायन्सच्या पोरींनी दुसरं काय लिहायचं?

"हे क्लासच्या बोर्डावरचं झालं," तो म्हणाला. "तुझं काय?"

माझं काय ते मलाच ठाऊक नव्हतं. मग सुट्टीत त्याने मला ओळखीच्या माणसांकडे पाठवायला सुरुवात केली. एक दिवस औषधाच्या दुकानात, एक दिवस सरकारी दवाखान्यात सिस्टरबाईंसोबत, एक दिवस जनावरांच्या दवाखान्यात. तिथं एक डॉक्टरबाई होत्या. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून त्या गाय तपासत होत्या आणि मालकाला झापत होत्या, "चार दिवस वाट बगत बसला, कामून?" मला त्यांनी दावं धरायला लावलं. गाय हलली की कुठं हात ठेवायचा ते दाखवलं. घरी गेले तेव्हा माझी ओढणी शेणाने माखली होती आणि आईने मला आधी न्हाणीत पिटाळलं. त्या संध्याकाळी मी त्या पानावर दुसरं नाव लिहिलं. पुढच्या सुट्टीत पुन्हा तिथंच गेले, ह्या वेळी कुणी न पाठवता.

बारावी झाली, नीटचा निकाल लागला. एमबीबीएसला मार्क कमी पडले, त्याच मार्कांवर जनावरांच्या डॉक्टरकीला मात्र नंबर लागण्यासारखा होता. घरी काका आले, बैठक बसली.

"एक वर्ष लातूरला ठेवू, रिपीट करू दे," काका म्हणाले. "लागतंय की. जनावराची डॉक्टर व्हायला शिकली का एवढी?"

मला वाटलं, दादा बोलेल. तो म्हणाला, "तिला विचारा की."

मी म्हटलं, "मला तेच करायचं हाय. मी बगून आले. दोनदा."

काका अण्णांकडे वळले. अण्णांनी गोठ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मागल्या साली म्हैस अडली तवा आपुन कुणाला बलावलं? सगळं घर त्या बाईच्या तोंडाकडं बगत होतं." तेवढंच. काकांनी चहा संपवला आणि म्हणाले, "मग लवकर फॉर्म भरा." ते रागावलेही नाहीत, ह्याचं मला आजही नवल वाटतं.

कॉलेजांचा क्रम मी लावला. अण्णांना जवळचं पहिलं हवं होतं, मला जिथं शिकवणं चांगलं ते. दोन दिवस त्यावरून खटके उडाले आणि जवळचं दुसऱ्या नंबरला गेलं. नंबर नेमका तिथंच लागला.

कागद तपासणीच्या दिवशी माझं काम दहा मिनिटांत झालं; व्हॅलिडिटी केव्हाच आली होती. शेजारच्या टेबलाशी हिमायतनगरकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन उभे होते. त्यांच्याकडे व्हॅलिडिटीच्या अर्जाची नुसती पावती होती. मुलगी ओढणीच्या टोकाने डोळे पुसत होती. दादाने त्यांना बाजूच्या बाकावर बसवलं, हमीपत्र लिहून दिलं, व्हॅलिडिटीच्या ऑफिसात कुठल्या खिडकीवर काय विचारायचं ते वहीत टिपून दिलं, आपला नंबर दिला. दोन तास गेले. आमची बस चुकली. त्या मुलीचं पुढं काय झालं ते मला कळलं नाही. दादाला तिच्या वडिलांचे काही दिवस फोन येत होते, मग थांबले.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. दादाने स्वतःचं केंद्र टाकलंय. अकरावीतलं पोर कशालाही आलं, साधी झेरॉक्स काढायला जरी आलं, तरी तो विचारतो, "व्हॅलिडिटी टाकली का?" पोरं त्याला टाळायला बघतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्या केंद्रावर बसले होते. गर्दी ओसरली तेव्हा धीर करून विचारलं, "दादा, तुला वाईट नाही वाटत आता?"

"वाटतं की," तो म्हणाला. "कुणी इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायला येतं, आणि यादीत पहिल्या नंबरला माझं कॉलेज सांगतं, तवा लई वाटतं."

"मग काय करतो?"

"दोनदा स्पेलिंग बगतो," तो म्हणाला, "आन् सबमिट करतो."