बूड उठलं का न्हाई

त्या दिवशी संध्याकाळी घरामागच्या मोकळ्या जागेत आम्ही नवरा-बायको भांडत होतो. ती लोखंडी खुर्चीत, मी बाजूला उभा. तिनं गोळा फेकला आन् मी ओरडलो, "फाऊल! बूड उठलं."

"न्हाई उठलं."

"मी डोळ्यानं बघितलं."

"आवं, चाळीस वर्षं बघून राह्यले तुम्ही, आजच बराबर दिसलं व्हय?"

तिचे पाय लहानपणीच पोलिओनं गेल्ते. हात मात्र असे, की भाकरी थापायला लागली की शेजारीण डोकवायची, कोण कुणाला मारतंय म्हणून. चाळिशीत ती अपंगांच्या स्पर्धेत उतरली आन् गोळा, थाळी, दोन्हींत मेडल घेऊन आली. मंग दरसाल तेच.

बसून फेकायचं, फेकताना बूड उठलं की फाऊल. खुर्चीही हलायला नको, म्हणून ती जमिनीला आवळून बांधतात, आन् फेकणारीला खुर्चीला. ते काम माझं. शाळा दुसरीपर्यंत, पण बैल बांधायला मी पक्का. एकदा मैदानावर बैलाची गाठ मारली. तिचं फेकून झालं तरी गाठ सुटेना. पुढची बाई ताटकळली, साहेब लोक पक्कड हुडकाय लागले. शेवटी तिथंच अडकलेलीच्या गळ्यात मेडल घातलं. वाटंत ती बोलली न्हाई. घरी आल्यावर बोलायची थांबली न्हाई.

यंदा तिला सात मीटर ओलांडायचे होते. कधीच झाले नव्हते. लोक म्हणायचे, वय झालं, आता बसा. ती म्हणायची, "बसूनच तर फेकते."

त्या संध्याकाळचा गोळा सातच्या रेषेशीच पडला. अल्याड का पल्याड, कळेना. चुना कोंबड्यांनी उकरल्ता. "टेप आणा," ती म्हणाली. म्हटलं, फाऊल मोजत नसतात. खरं सांगतो, बूड उठलं नव्हतं. मला भूक लागल्ती.

"मंग सकाळी मोजा, डोकं ठिकाणावर आलं की," म्हणून ती भाकरीला लागली.

ती झोपेतच गेली.

सकाळी दारात माणसं जमली. मी टेप घेऊन मागं गेलो. मेहुणी टेंभुर्णीहून रडत आली, मला हुडकत. "दाजी, हे काय करून राह्यले?"

"मागून रड. आधी हे टोक धर, आन् आकडा वाच."

तिनं नाक पुसत वाचलं. सातच्या वर चार बोटं. मी दोनदा वाचायला लावलं. मंग दारात जाऊन मोठ्यानं सांगितलं, बूड उठलं नव्हतं, मी खोटं बोललो. मयताला आलेल्या लोकांना कुणाचं बूड तेच कळेना.