खालची पुसट रेघ

“अर्ध्यानं भागतं,” असं ती एकदा प्रयोगशाळेच्या बैठकीत म्हणाली आणि त्या एका वाक्यावर सगळ्यांनी इमले बांधले.

तिला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बसणं तिच्या हाडातच नव्हतं. एका रोगजंतूचं प्रथिन ती प्रयोगशाळेत पाळलेल्या साध्या जिवाणूंकडून बनवून घ्यायची. प्रथिन दोन तुकड्यांचं, थोरला आणि धाकटा. दोघं मिळून डीएनएला धरतात, असं पुस्तकं सांगत. भिंगरीने नुसता थोरला बनवला, धुऊन वेगळा काढला, तर त्या एकट्यानेच डीएनए धरला. पुस्तकं खोटी पडली. तिच्या मार्गदर्शक सरांचे पाय जमिनीवर ठरेनात. तिची डॉक्टरेट त्यावर उभी राहिली.

पण थोरल्याची शुद्धता तपासताना जेलवर, म्हणजे रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या लिबलिबीत थरावर, त्याच्या जाड पट्टीखाली एक पुसट रेघ दिसायची. सर म्हणाले, “मळ आहे.” तिनेही मान डोलावली. मनात मात्र पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

“झालं ना सगळं मनासारखं?” घरी थोरली बहीण शिलाई मशीन थांबवून म्हणाली. “मग सकाळपासून तिसऱ्यांदा केर का काढतेयस?”

“कचरा राहिलाय गं, ताई.”

“डोक्यात राहिलाय. मी आत्याला सांगूनसुद्धा मोकळी झाले, आमची डॉक्टर झाली म्हणून. आता मला तोंडघशी पाडू नकोस, बाई!”

भिंगरी हसली नाही. पाळलेल्या जिवाणूंचंही स्वतःचं असंच एक प्रथिन असतं, दोन तुकड्यांचं. त्यांच्या घरचा धाकटा आपल्या थोरल्याला जाऊन चिकटत असेल तर? ती पुसट रेघ त्याचीच असेल तर? जेवताना, जिना चढताना, दात घासताना तोच किडा डोकं पोखरायचा. शेवटी तिने कुणाला न सांगता, तो धाकटा मुळातूनच काढून टाकलेले जिवाणू मिळवले. त्यांच्यात पुन्हा थोरला बनवला. या वेळी खालची रेघ आली नाही. मग त्याच्यासमोर डीएनए ठेवला.

दुसऱ्या खेपेचा फोटो आज सकाळी निघाला. थोरल्याने डीएनए धरला असता तर डीएनएची पट्टी जेलमध्ये वर अडकली असती. ती थेट तळाला गेली होती. थोरला एकटा कुचकामी होता.

बैठकीच्या खोलीत तिचं काम बघायला बाहेरचे शास्त्रज्ञ पाहुणे यायचे होते. सर तिच्या पेन ड्राइव्हवरून पहिला निकाल पडद्यावर लावून बघत होते.

“ये, भिंगरी! तुझंच कौतुक चाललंय.”

तिने फोटो टेबलावर ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं. सरांनी फोटो उजेडाकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“एकदाच केलंस?”

“पुन्हा करूनही हेच आलं, सर.”

बाहेर पावलं वाजली. सरांनी फोटो पालथा ठेवला. “हे पाहुणे गेल्यावर बघू. आज जे आहे ते दाखवू.”

“पण सर, ते खरं नाहीये.”

“अर्ध्यानं भागतं, हे कोण म्हणालं होतं? मी?” सर हसले. “अगं, तुझीच डॉक्टरेट आहे. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस? बस जरा.”

तिने खुर्ची ओढली. बसली नाही. पडद्यावर तिची जाड पट्टी होती, आणि खाली ती रेघ, आता इतकी ठळक की इतके महिने तिला मळ कसं म्हटलं याचंच नवल वाटावं.

दार उघडलं. पाहुणे आत आले, नमस्कार झाले, सरांनी तिच्याकडे हात केला.

भिंगरी कॉम्प्युटरपाशी गेली. तिने आपला पेन ड्राइव्ह काढून घेतला. पडदा पांढरा झाला. पालथा फोटो तिने उलटून पाहुण्यांच्या समोर सरकवला आणि ती दाराबाहेर पडली.