साक्षीला न नेलेली आई

घरात त्याला सगळे 'साहेब' म्हणत, थोडं कौतुकानं, थोडं चेष्टेनं. साहेब करसल्लागार होता, आणि जेवताना मीठ मागायचं तरी कलमासकट मागायचा. थोरल्या भावाचं खुर्च्यांचं दुकान होतं. मागच्या खोलीत आई वर्षानुवर्षं खुर्च्यांना वेत विणत आली होती, म्हणून कराच्या हिशेबात ती खोली कारखाना म्हणून धरलेली. कर खातं म्हणालं, ही तर राहती खोली! प्रकरण कर न्यायाधिकरणापुढं गेलं. हरलो तर कर आणि दंड भरायला दुकान विकायची पाळी होती.

"आईला नेऊ या साक्षीला," भाऊ म्हणाला.

"काही नको, दादा. कागद पुरेत."

कागद पुरेसे नव्हते, हे साहेबाला पक्कं ठाऊक होतं. पण आईला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती बोलायची ते ओरडूनच. त्या शांत दालनात, ओळखीच्या वकिलांदेखत, ही माझी आई म्हणायची त्याला लाज वाटली.

निकाल लागला: खोलीत काम चालत असल्याचा पुरावा नाही. तरी साहेबाचा तोरा कायम. "घाबरतोस काय? वरच्या कोर्टात जाऊ!"

वरच्या कोर्टातल्या वकीलबाईंनी निकाल वाचून चष्मा काढला. "यात कायद्याचा प्रश्न कुठे आहे? खोलीत काम चालायचं की नाही, ही वस्तुस्थिती. ती न्यायाधिकरणानं ठरवली, विषय संपला. हां, कुणाची साक्ष झाली असती आणि त्यांनी ती विचारातच घेतली नसती, तर वर भांडता आलं असतं. कुणीच नव्हतं का साक्षीला?"

भाऊ धाकट्याकडे बघत राहिला. साहेबाची कानशिलं तापली. हाच नियम तो ऑफिसातल्या नवशिक्यांना घोकायला लावायचा.

घरी आई वाटच बघत होती.

"वरच्या कोर्टात तरी नेशील ना मला?" तिनं विचारलं, आणि दोघे भाऊ चमकले. आवाज इतका हळू! शेजारच्या मावशींना समोर बसवून तिनं सराव केला होता म्हणे. "बघ, जमतंय ना? आता तुला मान खाली घालावी लागणार नाही."

म्हणजे तिला सगळं कळलं होतं. पहिल्यापासून.

"आता तिथं साक्ष घेत नाहीत, आई," तो पुटपुटला.

तिला ऐकू गेलं नाही. कानामागं हात धरून ती पुढं वाकली. मग त्याला ते ओरडून सांगावं लागलं.