चुन्याची रेघ आणि माझा फोरहँड

सावेडीतल्या टेनिस कोर्टावर चुन्याच्या रेघा आखणाऱ्या एका माणसाने मला पार वैताग आणला होता. नाव मी कधी विचारलं नाही. त्याने जन्मात रॅकेट धरली नसेल. पण त्याच्या स्वस्तातल्या मोबाईलमध्ये स्लो मोशन होतं, आणि तो मोबाईल रोज चुन्याच्या बादलीला टेकवून माझ्यावर रोखलेला असायचा. खेळ संपला की तो स्क्रीन सदऱ्याला पुसायचा, माझा फोरहँड गोगलगायीच्या चालीने दाखवायचा आणि म्हणायचा, "सायेब, चेंडू रॅकेटला लागायच्या आदीच तुमी त्यो कुटं गेला ते बगताय."

वीस वर्षं खेळतोय मी! दुसऱ्याच्या चुका काढायला काय लागतं?

एका सकाळी तो रेघ ओढत असताना मीच समोरून त्याचा व्हिडिओ घेतला आणि मुद्दाम ओरडलो, "अहो, मोबाईल फुटला तुमचा!"

"थांबा, येवडी रेघ हुंद्या."

घरी जाऊन तो व्हिडिओ मी खुन्नसने सावकाश लावून पाहिला. माझ्या ओरडण्याला त्याने डावा हात वर केला होता. नजर मात्र रेघेवरून तसूभरही हलली नव्हती.

व्हिडिओ मी लगेच पुसून टाकला.