हेमलताबाईंचं रक्त

हेमलता खांबेटे या बाईंच्या नाकावर राग असतो, हे गाझियाबादच्या त्यांच्या सोसायटीत कुणीही सांगेल. लिफ्ट बंद पडली की इतर लोक सेक्रेटरीला फोन करतात, बाई पत्र लिहितात. पत्राला क्रमांक घालतात आणि पंधरा दिवसांनी स्मरणपत्र पाठवतात. बालपण पहाडगंजात गेलं, शिक्षण तिथल्याच मराठी शाळेत झालं आणि पुढची बत्तीस वर्षं केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात निघाली. कारकून म्हणून लागल्या, सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाल्या. माणूस खोटं बोलेल, कागद बोलणार नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. होतं म्हणजे, परवापरवापर्यंत होतं.

घरात माणसं तीन. बाई, त्यांचे यजमान शशिकांत आणि शशिकांतरावांची आई उत्तराबाई, म्हणजे माई. मूलबाळ नाही. शशिकांतराव माईंना एकुलते एक. सरकारी खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेला हा माणूस इतका मवाळ, की आमटीत मीठ नसलं तरी तो गुपचूप उठून मीठ घेऊन यायचा. बाईंच्या वाट्याचा सगळा शांतपणा त्यानेच उचलला होता म्हणायचं.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी शशिकांतराव दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या, महाराष्ट्र सरकारच्या सदनात गेले. नागपूरहून एक जुना मित्र आला होता. दोघांनी कोथिंबीरवडी खाल्ली, चहा घेतला. साडेचारला शशिकांतराव ‘मेट्रोपर्यंत चालत जातो’ म्हणून निघाले आणि घरी आलेच नाहीत. फोन बंद.

ठाण्यात हवालदार म्हणाला, “दो दिन रुक जाइए मॅडम, मर्द आदमी हैं, आ जाएँगे.” बाई तक्रारीचा क्रमांक हातात पडेपर्यंत बाकावरून उठल्या नाहीत.

नऊ दिवसांनी दिल्लीच्या हद्दीत एका कालव्यात पुरुषाचं प्रेत सापडलं. आता गंमत बघा. तक्रार उत्तर प्रदेशात, प्रेत दिल्लीत. पाण्याला हद्द कळत नाही, पोलिसांना मात्र ती झोपेतही कळते. इकडची बेपत्तांची यादी आणि तिकडची बेवारस प्रेतांची यादी यांची गाठ पडायला तीन महिने लागले. तोवर नियमाप्रमाणे बहात्तर तास वाट पाहून पोलिसांनी प्रेत जाळून टाकलं होतं. मागे राहिला होता एक फोटो आणि सीलबंद पाकिटात एक दात आणि हाडाचा तुकडा. बाईंनी तो फोटो पाहिला. पाण्याने त्यात ओळखण्यासारखं काही ठेवलं नव्हतं. काळी पँट दिसत होती, आणि काळी पँट दिल्लीतले निम्मे पुरुष घालतात.

“डीएनए करवा लेते हैं,” सब-इन्स्पेक्टर म्हणाला. त्याने एक छापील फॉर्म पुढे ओढला. “सबसे नज़दीकी रिश्तेदार कौन है?”

“मैं. पत्नी हूँ,” बाई म्हणाल्या. हा प्रश्न कुणी विचारावा याचाच त्यांना राग आला होता. छत्तीस वर्षांचा संसार. रेशनकार्डावर, पेन्शनच्या कागदावर, बँकेत, जिथे जिथे शशिकांत खांबेट्यांच्या जवळचं माणूस म्हणून रकाना होता, तिथे तिथे हेमलता हेच नाव होतं.

माई त्या दिवशी हट्टाने बरोबर आल्या होत्या. त्यांनी पदर सावरून हात पुढे केला. “माझं घे गं हेमा. माझाच आहे तो.”

“तुमची शीर सापडत नाही, माई. मागच्या वेळी साखर तपासायला तीनदा टोचलं होतं, हात काळानिळा पडला होता. राहू दे, मी देते ना.”

चौऱ्याऐंशी वर्षांच्या म्हातारीला टोचणं नको, एवढाच विचार. सून म्हणून त्यात काय चुकलं? काहीही नाही. चुकलं ते समोर बसलेल्या, सरकारने खास या कामासाठी नेमलेल्या माणसाचं. त्याने बाईंचं नाव लिहिलं, रक्ताच्या नळीवर चिठ्ठी लावली, सोबतच्या पत्रात ‘निकटतम संबंधी का नमूना’ असं टंकलं आणि पाठवून दिलं. त्याच्या वरच्याने सही केली. प्रयोगशाळेत कुणीतरी ती नळी घेऊन पोच दिली. इतक्या हातांतून ती नळी गेली आणि एकानेही, एकानेही, हा नमुना कुणाचा आहे हे विचारलं नाही.

सरकारी काम आणि सहा महिने थांब असं आपण म्हणतो. इथे चौदा महिने थांबावं लागलं. बाईंनी अकरा स्मरणपत्रं पाठवली. शेवटी एक पान आलं. त्यावर एकच कामाची ओळ होती: नमुने जुळत नाहीत.

बाईंनी ती ओळ माईंना मराठीत वाचून दाखवली, खालचा गोल शिक्काही दाखवला. “माई, तो आपला शशी नव्हता. हे बघा, सरकारी रिपोर्ट आहे. म्हणजे ते कुठेतरी आहेत.” माईंनी देवापुढे साखर ठेवली. त्या संध्याकाळी सतरा महिन्यांनी घरात शिरा झाला.

आणि मग सुरू झाली वणवण. अनाथ वृद्धांचे आश्रम, गुरुद्वाऱ्यांचे लंगर, इस्पितळांचे जनरल वॉर्ड. मथुरेला शशिकांतरावांसारखा माणूस पाहिला असं कुणी सांगितलं की बाई मथुरेला, हरिद्वारला म्हटलं की हरिद्वारला. पोलिसांनी केव्हाच हात झटकले होते. माई रोज संध्याकाळी विचारायच्या, “काही कळलं का गं?” आणि बाई रोज म्हणायच्या, “कळेल. रिपोर्ट आलाय ना, ते आहेत.”

आठ महिन्यांनी माई गेल्या. जाण्याआधी त्यांनी सांगून ठेवलं होतं, अग्नी शशीच देईल, तो कळल्याबरोबर निघेल, एक दिवस थांबा. बाईंनी वर्तमानपत्रांत निवेदन दिलं आणि माईंना पूर्ण एक दिवस बर्फावर ठेवलं. बिल्डिंगमधली माणसं एकमेकांकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी स्वतःच अग्नी दिला. भटजी काहीतरी बोलायला गेले, त्यांनी बाईंचा चेहरा पाहिला आणि मंत्र सुरू केले.

त्यानंतर वर्षभराने बाईंच्या भावाची मुलगी क्षिप्रा त्यांच्याकडे आठ दिवस राहायला आली. जीवशास्त्राचं पुढचं शिक्षण घेणारी, दिल्लीतच वाढलेली पोरगी. मराठी बोलता बोलता तिची गाडी कधी हिंदीवर जायची ते तिलाही कळायचं नाही. बाईंनी तिला मोठ्या अभिमानाने फाइल दाखवली. पानं क्रमाने, खुणेच्या चिठ्ठ्या लावलेल्या. पोरगी पानं उलटत होती, ती एकदम थांबली.

“आत्या, सँपल कुणाचं दिलं होतं?”

“माझं. आणखी कुणाचं देणार?”

“तुझं?” क्षिप्राने ते पान पुन्हा वाचलं. “आत्या, तू काकांची बायको आहेस यार. तुझा डीएनए त्यांच्याशी कसा मॅच होणार? आई, वडील, मूल, भाऊ, असं कुणीतरी लागतं ना. ब्लड रिलेटिव्ह.”

बाईंनी चष्मा लावला आणि ती ओळ स्वतः पुन्हा वाचली.

“म्हणजे बघ,” पोरगी बिचारी समजावून सांगायला गेली, “काका स्वतः जिवंत लॅबमध्ये जाऊन बसले असते आणि त्यांचं ब्लड तुझ्याशी मिळवलं असतं, तरी रिपोर्ट हाच आला असता. जुळत नाही.”

बाईंची तळपायाची आग मस्तकात गेली. पण पहिला राग स्वतःचा आला, आणि तो सगळ्यांत वाईट होता. माईंचा पुढे केलेला हात त्यांनी स्वतः मागे सारला होता. शहाणी म्हणून मिरवणारी, तीस वर्षं दुसऱ्यांच्या फायलीतल्या चुका लाल पेनाने दाखवणारी बाई मी, मला ही साधी गोष्ट सुचू नये? आईचं रक्त सोडून बायकोचं घेतायत, हे माझ्या डोक्यात येऊ नये? रोज संध्याकाळी मी त्या म्हातारीला खोटं सांगत होते. बर्फावर ठेवलं तिला, एका खोट्या ओळीसाठी.

मग राग बाहेर वळला आणि त्याला पुरेसं गिऱ्हाईक मिळालं. ठाण्यातला जुना सब-इन्स्पेक्टर बदलून गेला होता. नवा म्हणाला, “मॅडम, प्रोफॉर्मा में तो निकटतम संबंधी ही लिखा है.” प्रयोगशाळेतला साहेब म्हणाला, “हमें जो भेजा गया, हमने मिलाया.” आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, आणि वर चक्कीवाला सांगतोय की जातं उत्तम चाललंय.

“आपने मिलाया?” बाई त्या साहेबाच्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या. “पति-पत्नी का खून मिलाया आपने! चौदह महीने लगाकर! ये जवाब तो मेरे घर की बाई दे देती!”

शिपाई धावत आला. साहेबाने मात्र फाइल पुन्हा उघडली, आणि त्यानेच विचारलं की माँ की तरफ से कोई है क्या. डीएनएत फक्त आईकडून येणारा एक धागा असतो, तो आईच्या बहिणीतही तसाच असतो. दात अजून प्रयोगशाळेतच आहे, असंही तो म्हणाला.

माईंची धाकटी बहीण, लतामावशी, इंदूरला होती. वय ब्याऐंशी. बाई रेल्वेने गेल्या आणि मावशींना घेऊन आल्या. रक्त घेताना मावशींची शीरही सापडेना. बाईंनी नर्सला सांगितलं, दहादा टोचा, पण घ्या. मावशी कळवळून म्हणाल्या, “अगं, हे तेव्हाच का नाही मला विचारलंस? मी तेव्हाच आले असते.” बाईंनी मावशींच्या हातावर कापूस दाबून धरला.

या वेळी पाच महिने लागले. धागा जुळला. उंची, वय, तारीख आणि जागा सगळं आधीपासून जुळतच होतं. कालव्यातला तो माणूस शशिकांत खांबेटे होता. पहिल्या दिवसापासून होता. मथुरा-हरिद्वारच्या फेऱ्या, शिरा, देवापुढची साखर, एक दिवसाचा बर्फ, हे सगळं चाललं होतं तेव्हा त्याचा दात एका कपाटात क्रमांक लावून ठेवलेला होता.

बाई त्या दिवशी घरी रडल्या. दारं लावून, मोठ्याने रडल्या. गळ्यातलं काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्या ठाण्यात हजर झाल्या.

इन्स्पेक्टर चांगला वागला. खुर्ची दिली, पाणी मागवलं. एक कागद पुढे केला. प्रकरण निकालात निघाल्याचा कागद. खाली ओळ होती की तक्रारदाराचं समाधान झालं आहे, इथे सही.

“चलो, अब आपको भी शांति मिली होगी, आंटीजी,” तो म्हणाला.

बाईंनी पेन उघडलं, ‘समाधान झालं आहे’ ही ओळ आडवी खोडली आणि पेन बंद केलं.

“त्या वर्षी तुम्ही अशी किती जणांची रक्तं पाठवलीत?” बाईंनी हिंदीत विचारलं. “आणि त्यांत पत्नींची किती?”

“मॅडम, वो अलग मामले हैं.”

“रजिस्टर काढा. मला दाखवू नका, तुमचा नियम असेल. तुम्ही वाचा. मी इथे बसते.”

त्या खरंच बसल्या. इन्स्पेक्टरने दोन फोन घेतले, एकाला खडसावलं, चहा प्यायला. बाई बसलेल्याच. भीक नको पण कुत्रा आवर, अशी त्याची गत झाली. शेवटी त्याने रजिस्टर ओढलं आणि बोट फिरवत वाचायला लागला. पहिल्या पानावर त्याचं बोट भरभर खाली आलं. दुसऱ्या पानावर ते सावकाश झालं. तिसऱ्यावर त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली.

“कितने?” बाईंनी विचारलं.

“सात,” तो म्हणाला. “सात में पत्नी का है.”

“आणि रिपोर्ट?”

“सब में वही. मेल नहीं खाता.”

सात घरं. सात ठिकाणी एक कागद जपून ठेवलेला असणार आणि त्याच्या जोरावर कुणीतरी रोज संध्याकाळी कुणाला तरी सांगत असणार. बाईंना त्या क्षणी त्या माणसाच्या कानशिलात ठेवून द्यावीशी वाटली. हा तो नव्हे, तो बदलून गेला, हे माहीत असूनही वाटली.

“फोन लावा,” त्या म्हणाल्या. “आत्ता. माझ्यासमोर. एकेक.”

पहिला नंबर लागला. इन्स्पेक्टरने ठाण्याचं नाव सांगितलं मात्र, पलीकडून बाईचा आवाज आला, इतका मोठा की टेबलाच्या या बाजूलाही ऐकू यावा. “मिल गए क्या जी? मिल गए?”

 इन्स्पेक्टरने फोन टेबलावरून हेमलताबाईंकडे सरकवला.

“बहन,” बाई म्हणाल्या, “मैं पुलिस नहीं हूँ. मेरे पति भी लापता थे. एक बात बताओ. उनकी माँ हैं?”

“हाँ जी. यहीं बैठी हैं. क्यों जी?”

“उन्हें लेकर आज ही थाने आ जाओ. उनका खून देना है.”

“पर खून तो मैंने दे दिया था जी. तीन साल पहले. रिपोर्ट भी आ गई थी, मेरे पास रखी है. वो नहीं थे वो.” आवाज खाली आला. “वो तो ज़िंदा हैं ना जी?”

मागून एका म्हातारीने काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत, पण प्रश्न कोणता होता ते हेमलताबाईंना कळलं. हो म्हणणं किती सोपं आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आठ महिने त्या रोज म्हणत होत्या.

“पता नहीं, बहन,” त्या म्हणाल्या. “किसी को पता नहीं है. उस काग़ज़ को पता नहीं है. तुम माँ को लेकर आओ, मैं यहीं बैठी हूँ.”