बाबांचे थांबे

चालताना बाबांच्या पोटरीत गोळा यायचा. थांबले की जायचा, निघाले की पुन्हा हजर. आमच्या घराने परस्पर निदान करून टाकलं: वात. मग तेल चोळणं, निर्गुडीचा पाला, गरम पाण्याची पिशवी, सगळं यथासांग पार पडलं. शेवटी ठाण्याच्या डॉक्टरांनी पायाची नाडी चाचपली आणि आम्हालाच झापलं. रक्तवाहिन्या आतून चिंचोळ्या झाल्यात, चालताना पायाला रक्त पुरत नाही. शेक बंद, सिगारेट कायमची बंद आणि रोज चालायचं. दुखलं की थांबायचं, कळ गेली की पुन्हा निघायचं. हयगय केलीत तर पुढे पाय गमवायची वेळ येईल, असंही ते म्हणाले.

सिगारेट बाबांनी चिडचिड करत का होईना, सोडली. चालणं मात्र डोंबिवली होऊ देईना. त्या ऐंशीच्या दशकात माणूस रस्त्यात नुसता उभा दिसला तरी आमच्याकडे लोकांना राहवत नसे. "काका, बसा मागे, सोडतो घरी." बाबा कमालीचे भिडस्त. नाही म्हणणं जिवावर यायचं आणि दुखणं चारचौघांत सांगायची लाज. फिरायला गेलेला माणूस कोपऱ्यावरूनच कुणाच्या तरी स्कूटरवर बसून परत! मला हसूही यायचं आणि संतापही. एवढी चांगली माणसं हवीत कशाला?

मग आई सोबत निघाली. बाबांचा चेहरा आक्रसला की ती जवळच्या भाजीवालीसमोर उकिडवी बसायची आणि घासाघीस सुरू करायची. बायको भाव करतेय म्हणून ताटकळलेल्या नवऱ्याला स्कूटरवर कोण बसवणार? कळ ओसरली की बाबा खाकरायचे, आई जुडी ठेवून उठायची. भाजीवाल्या तिच्या नावाने बोटं मोडायच्या. "वहिनी, घ्यायची हाय का नुस्ती चिवडायची?" एरवी इतकी मानी माझी आई, रोज हे ऐकून घ्यायची. मला फार वाईट वाटायचं.

पावसाळा सरला, थंडी पडली. एका संध्याकाळी मीही बरोबर होते. नेहमीच्या जागी आई सवयीने बसली, मेथीची जुडी उचलून भाव करू लागली. बाबा थांबलेच नाहीत. बरेच पुढे जाऊन वळले आणि म्हणाले, "अगं, चल की. आज दुखत नाहीये."

आईने डोळ्यांना पदर लावला. मग भाजीवालीने सांगितलेल्या भावात, एक अक्षरही न बोलता, मेथी घेतली.