तिच्या बोटापर्यंतची लाइन

"करंट कुठलोक आला ते पाहू पयले," असं म्हणून भाऊ बॅटरीवर बोट ठेवत आणि तारेवरून ते इतकं सावकाश पुढे नेत, की पाहणाऱ्याला डुलकी लागावी. आमच्या शेजारचे हे निवृत्त लाइनमन. उमर सारी विजेच्या खांबांवर गेलेली. एक खांब, मग पुढचा खांब; बिघाड सापडेपर्यंत मधला एकही गाळायचा नाही. वीतभर पाटीवरही ते तसेच चालायचे.

पाटी माझी होती. सुट्टीत येणाऱ्या नातीसाठी मी इलेक्ट्रॉनिक्सचं किट मागवलं होतं. नात आलीच नाही, म्हणून मीच उघडलं. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची कोवळी पोर, तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून नुकतीच सुटलेली, आणि अक्कलही कोवळीच. ब्रेडबोर्ड म्हणजे भोकाभोकांची पांढरी पाटी, तारा खोचल्या की जोडणी झाली, एवढं पुस्तिकेत वाचलं. नकाशाबरहुकूम सगळं खोचलं आणि नकाशाच्या कोपऱ्यात 'तपासले' लिहून सही ठोकली. दिवा लागला नाही. मी दुकानदाराच्या नावे तक्रार अर्ज लिहायला घेतला. तोवर भाऊंचं बोट फिरून आलं होतं. एक तार शेजारच्या भोकात बसली होती.

"सही बराबर आहे बाई तुमची," ते म्हणाले.

त्यांच्या घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. बायको अर्धांगवायूनं खाटेला खिळलेली. बोलणं गेलं, अंगातलं बळ गेलं. डाव्या हाताचं एक बोट तेवढं उचलायचं आणि घशातून बारीक हुंकार निघायचा. दारव्ह्याच्या मे महिन्यात कूलर बंद ठेवता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या घरघरीत हुंकार ऐकू येणार कुठून? एका दुपारी ती तहानेनं तळमळत राहिली आणि भाऊ बाजूच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात आले. बटन तिच्यानं दबत नाही. नुसतं बोट टेकलं की वाजेल असं काही त्या किटात आहे का, विचारलं.

होतं. दोन ट्रान्झिस्टर, एक बझर आणि पत्र्याच्या दोन चिमुकल्या पट्ट्या. दोन्ही पट्ट्यांना मिळून बोट लागलं, की बोटातून कणभर करंट जातो आणि बझर पीं करतो. त्या दुपारी आठवल्या की अजून मला गुंगी येते. ओल्या वाळ्याचा वास, पडद्यातून झिरपणारा हिरवा उजेड, भाऊंचं चालणारं बोट, आणि खाटेवरून ती आमच्याकडे बघत राहिलेली, जशी काही पाण्याखालून. वेळ कुणालाच मोजायचा नव्हता. घाई फक्त मला.

भाऊंनी बोट टेकलं, वाजलं. मी टेकलं, वाजलं. तिचं टेकवलं, नाही वाजलं. असे पाच दिवस. मी ट्रान्झिस्टर बदलले, तारा बदलल्या, पट्ट्या घासल्या. आणि रोज हे सुरू करण्याआधी तिच्या हाताला तिळाच्या तेलानं मालिश करायचे, कारण मी मोठी सेवाभावी. मग स्वतःचे हात साबणानं धुऊन यायचे, किटला डाग पडू नयेत म्हणून. पाचव्या दिवशी मी निकाल दिला, तोही तिच्यासमोर.

"राहू द्या भाऊ. हिच्या अंगातच आता करंट राहिला नाही."

तिनं डोळे मिटले. प्रकरण निकाली काढायची माझी सवय, दुसरं काय.

भाऊ पुन्हा बॅटरीपासून निघाले. पाटी ओलांडली, खाटेपर्यंतची लांब तार ओलांडली, पट्ट्यांशी आले. मी म्हटलं, संपली की लाइन.

"खांब संपले बाई. घर तं राह्यलं ना."

त्यांनी तिचं बोट उचलून खिडकीकडे धरलं. ते तेलानं चकाकत होतं. माझंच तेल. त्यातून करंट कसला जातो?

त्यांनी साबणाच्या पाण्यानं ते एकच बोट धुतलं, लहान मुलाचं धुवावं तसं. दुपट्ट्यानं टिपलं, जरा ओलसरच ठेवलं आणि पट्ट्यांवर टेकवलं. पीं. तिनं डोळे उघडले.

मग काय, पाटी दिवसभर वाजू लागली. भाऊ उठून आत जात. पाणी? नको. कूस बदलू? नको. आपल्या बंजारा तांड्याच्या बोलीत तिच्याशी दोन शब्द बोलून येऊन बसत, की पुन्हा पीं. मी एकदा म्हटलं, ही तुमची गंमत करून राहिली, दरवेळी कायले उठता?

"चाळीस वर्सं मी खांबावर होतो," भाऊ म्हणाले. "तेव्हा बी हाका मारल्याच असतीन ना तिनं."

दोन उन्हाळे वाजली. तिसरा लागण्याआधी ती गेली आणि भाऊ तांड्यावर धाकट्या भावाकडे राहायला निघाले. पाटी परत द्यायला आले होते. मी घेतली नाही. तेवढी अक्कल तोवर आली होती. स्टँडवर ते काळ्या-पिवळ्या जीपमध्ये मागच्या बाकावर बसले, पाटी मांडीवर, वरून दुपट्टा. सीट भरल्याशिवाय ड्रायव्हर हलेना. मी खिडकीशी उभी होते. दुपट्ट्याखाली त्यांचा हात सरकला असावा, कारण एकदम पीं झालं. जीपमधल्या सगळ्यांनी आपापले मोबाइल काढून पाहिले.

भाऊ बाकावरून अर्धे उठले होते.